शेवट न बघता केलेली शिफारस

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत संध्याकाळी कुठल्या घरात काय बघितलं जाईल हे टीव्हीवाले ठरवत नाहीत, ओतूरला बसून आमचे साडू ठरवतात. मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटतं त्यांनी बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन बसावं. दुकान खतं-औषधांचं आहे. औषधं म्हणजे पिकावर मारायची. शेतकरी करपलेलं टोमॅटोचं पान नाहीतर कांद्याची पिवळी पडलेली पात घेऊन येतो, साडू चष्मा कपाळावर ढकलून ते उजेडात धरतात, लागण कधीची, पाणी ठिबकनं देता की पाटानं, आधी काय मारलं, अशी सगळी उलटतपासणी घेतात आणि मग फळीवरून बाटली काढतात. इथवर सगळे दुकानदार सारखेच. पण बाटली पिशवीत घालता घालता आमचे साडू विचारतात, "आन घरी काय बघताय सध्या?" गिऱ्हाईक गडबडतं. बायको लावते ते बघतो, असं काहीतरी पुटपुटतं. मग साडू पुन्हा चष्मा कपाळावर ढकलतात. घरात म्हातारं माणूस आहे का, पोरगी दहावीला आहे का, भावाभावांत बोलणं आहे का, हे विचारून घेतात आणि फवारणीच्या औषधासोबत एक मालिका देतात. मात्राही सांगतात. "रोज एकच भाग बघायचा. दोन बघितलं तर अंगावर येतंय."

त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर पहिला फोन त्यांचाच येईल. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. बारा महिने अंगात अर्ध्या बाह्यांचा तपकिरी स्वेटर, ओठावर जाड मिशी आणि चेहरा असा गंभीर की विनोदी मालिकेची शिफारस करतानाही समोरच्याला वाटावं, याच्या घरात काहीतरी झालंय. मालिकेचं नाव त्यांना कधीच आठवत नाही. बहुतेक नावं इंग्रजी, ती त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून ते खुणा सांगतात. "ती धुक्याची", "ती तीन बहिणींची", "ती काळ्या कोटवाल्या बाईची". काळ्या कोटवाल्या बाया किती मालिकांत आहेत याची त्यांना कल्पना नसावी. आम्ही नवरा-बायकोनं एकदा भलत्याच वकीलबाई पूर्ण बघून काढल्या आणि दाजींना फोन करून तोंड भरून कौतुक केलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, ही ती न्हाई." मग फोन ठेवला. पुढं दिवाळीपर्यंत त्यांनी आम्हाला काहीही सुचवलं नाही, आणि खरं सांगतो, ती दिवाळी मला फार सुखाची गेली.

कारण त्यांची शिफारस म्हणजे गळ्यात बांधलेलं लोढणं. बघायला घेतली की सुटका नाही. फोन येतो, "कितव्या भागाला हाय?" मी नारायणगावच्या शाळेत मराठी शिकवतो, उत्तर येत नसताना चेहरा सरळ ठेवणाऱ्या मुलांत माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे मीही ती विद्या थोडीफार शिकलो आहे. पण दाजींपुढं ती चालत नाही. "पाचव्या भागात आहे," म्हटलं की ते विचारणार, "मग ती म्हातारी कुणाच्या घरातनं निघून गेली?" आणि तुम्ही गप्प झालात की पलीकडून एक दीर्घ सुस्कारा येतो. "दम धरा भाऊ. पयले दोन भाग जड जात्यात." मला या माणसाचा राग येतो तो इतका की कधी कधी मी फोन उचलायच्या आधी बायकोशी भांडून घेतो. तरी हेही कबूल केलं पाहिजे की दम धरून बघितलेली त्यांची एकही मालिका वाया गेलेली नाही. ओतूरच्या बाजूलाच दोघे भाऊ होते, बांधावरून बोलणं तुटलेलं. दाजींनी दोघांना वेगवेगळं बोलावून एकच मालिका सांगितली आणि एकमेकांना कळू दिलं नाही. पुढं एक दिवस थोरला बांधावर उभा राहून धाकट्याला ओरडला, "शेवटी त्यो परत येतोय का रं?" बांध अजून तिथंच आहे, पण आता दोघं त्यावर बसून बोलतात.

आमच्या भागात बघायला वेळही भरपूर. ऊस वर आला की अंधार पडायच्या आत माणसं दारं लावून घेतात. बिबट्या अंगणातलं कुत्रं उचलून नेतो हे आता कुणी बातमी म्हणून सांगत नाही. दाजींच्या गोठ्यामागं एकदा तो येऊन बसला होता. मेहुणीनं खिडकीतून बघितलं आणि ती थिजली. दाजी खुर्चीतून न उठता म्हणाले, "दार लाव. आन आवाज बारीक करू नको, महत्त्वाचं चाललंय."

आता त्यांचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. दुकानात ते एक गोष्ट कधी करत नाहीत. कंपनीचा माणूस नवं बियाणं घेऊन येतो, रंगीत कागदं दाखवतो, पुष्कळ काही देऊ करतो. दाजी ते बियाणं आधी स्वतःच्या रानात लावतात. उगवण बघतात, रोग बघतात, तोडणी बघतात, आणि मगच फळीवर ठेवतात. "ज्याची सुगी म्या डोळ्यानं बघितली न्हाई, ते बी मी दुसऱ्याच्या रानात टाकायला सांगत न्हाई." मालिकेलाही हाच कायदा. शेवटच्या भागाची शेवटची अक्षरं पडद्यावरून सरकून जाईपर्यंत ते अवाक्षर काढत नाहीत. अर्धवट चालू असलेल्या मालिकेबद्दल कुणी विचारलं तर म्हणतात, "उभ्या पिकाचं काय सांगू?" आणि शेवट झाला तरी लगेच सांगत नाहीत. आधी शेजारच्या खुर्चीकडं बघतात. त्या खुर्चीवर प्राजक्ता असते, त्यांची एकुलती एक पोरगी. शाळेत होती तेव्हापासून बापाशेजारी बसून बघणारी. तिनं मान हलवली तर मालिका दुकानात जाते, नाही हलवली तर तिथंच मिटते. मेहुणी दोघांच्या मागं भाजी निवडत बसते आणि कोण मरणार हे पहिल्या भागात सांगून टाकते, म्हणून तिला मत नाही.

प्राजक्ता नारायणगावजवळच्या एका रोपवाटिकेत काम करते. आता दिवस असे आलेत की मुलीचे बाप निवांत आणि मुलांचे बाप हवालदिल. तिला आलेली स्थळं तिनं एकामागून एक नाकारली. एकाला शेतीची लाज वाटत होती, एकाची आई फारच हसत होती, एकानं तिला पगार सोडून दुसरं काही विचारलंच नाही. दाजी काही बोलत नसत, पण दुकानात लोक विचारू लागले होते, आणि मेहुणी देवासमोर जरा जास्त वेळ बसू लागली होती. मग निरगुडसरचं स्थळ आलं. मुलगा शेती करतो, घरचा ऊस पारगावच्या कारखान्याला जातो, आणि जोडीला तो ड्रोननं फवारणी करून देतो. बघायला आला तेव्हा त्यानं तिला रोपं ट्रेमध्ये का लावतात हे विचारलं, आणि आमची पोरगी जी बोलत सुटली ती चहा निवला तरी थांबेना. पाहुणे गेल्यावर कपबशा विसळता विसळता ती आईला म्हणाली, "मला चालंल." हा निरोप माझ्या बायकोनं मला शाळेत फोन करून दिला आणि फोनवरच रडली.

पुढचा रिवाज म्हणजे मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं. दाजी, मेहुणी, मी आणि माझी बायको निरगुडसरला गेलो. घर चांगलं होतं. माणसं कमी बोलणारी. मुलाचे वडील उंच, पांढरी टोपी, आणि एखादी गोष्ट बोलायच्या आधी ती तोंडात घोळवून बघायची सवय. त्यांनी दोन गोष्टी आधीच सांगितल्या. एक, सुपारी फुटेपर्यंत पोरापोरीनं फोनवर बोलायचं नाही, आमच्याकडं तसं चालत नाही. दुसरी, आम्ही घाई करत नाही. मग पोहे झाले, पाण्याचं बोलणं झालं, आणि कुणालाच काही सुचेना तेव्हा ते दाजींना म्हणाले, "तुमी लई शिरेली सांगता म्हणं. आमाला बी सांगा एखादी."

मी दाजींकडं बघितलं. त्यांच्याजवळ शेवटपर्यंत बघितलेल्या, कसून तपासलेल्या मालिकांचा साठा होता. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं असेल ते मला कळत होतं. एकीत घटस्फोट, एकीत दारू, एकीत दीर भावजयीला घराबाहेर काढतो. होणाऱ्या व्याह्यांना यातलं काय सांगणार? आणि नेमकी नुकतीच एक नवी सुरू झाली होती. दर शुक्रवारी दुपारी एक भाग यायचा, दोन आले होते. डोंगरातलं गाव, फळबाग, नवी सून घरात येते आणि सासरा पहिल्याच दिवशी बागेच्या किल्ल्या तिच्या हातात देतो. दाजी त्यावर इतके लुब्ध झाले होते की त्यांनी स्वेटरच्या बाहीला डोळे पुसायचा प्रयत्न केला होता, आणि बाही कोपरावरच संपते हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते म्हणाले, "ती फळबागेची बघा. सासरा आन सून. डोळ्यात पाणी येतंय."

"बघतो," मुलाचे वडील म्हणाले. "बघतो, आन मग बसू सुपारीला."

परत येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली तेव्हा मी म्हणालो, "दाजी, ती तर अजून चालू आहे." ते बाहेर बघत म्हणाले, "दोन पानांवर रोप कळतंय, भाऊ." असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरी पोचल्यावर प्राजक्तानं सगळं विचारून घेतलं, घर कसं, माणसं कशी, विहीर कुठं. मग मेहुणीनं मालिकेचं सांगितलं. पोरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आप्पा, तुमी शेवट न बघता सांगितली?"

तिसऱ्या भागात सासरा नाहीसा झाला.

शुक्रवारी दुपारी दाजींनी दुकान अर्ध्यावर बंद करून तो भाग बघितला. सासरा सकाळी बागेत जातो तो परत येत नाही, आणि शेवटी विहिरीच्या काठावर त्याची एक चप्पल दिसते. दाजी मला फोनवर म्हणाले, "पाय घसरला आसंल. सून शोधून काढंल बघा." चौथ्या भागात सगळं गाव सुनेवर संशय घेऊ लागलं, आणि ती कपाटात काहीतरी लपवताना आम्हाला दिसली. पाचव्या भागात विहिरीजवळच्या गवतात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सापडली आणि सुनेचा बाप गावात आला. बाप काय करत असेल? फवारणीच्या औषधांचा व्यापारी. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. जाड मिशी. योगायोगालाही काही लाज असावी की नाही? माझी बायको किंचाळली, "अगं बाई, हे तर दाजीच!" आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली.

दर शनिवारी सकाळी निरगुडसरहून दाजींना फोन येऊ लागला. अशा एका शनिवारी मी दुकानात होतो, आवाज मला स्पष्ट येत होता.

"पावणं, बघितलं?"

"बघितलं."

"हं."

रस्त्यावरून एक एसटी गिअर बदलत गेली, मग पलीकडून पुन्हा आवाज आला.

"सुनेच्या बापाचं काय वाटतं तुमाला?"

दाजींनी मिशीवरून हात फिरवला. "माणूस... तसा बरा दिसतोय."

"हं," पलीकडून आलं. आणि फोन बंद झाला.

त्या दिवसापासून दाजींची दशा बघवेना. बिबट्या गोठ्यामागं असताना न हललेला माणूस गुरुवारी संध्याकाळपासूनच येरझाऱ्या घालू लागला. एका गिऱ्हाइकाला टोमॅटोसाठी ते तणनाशक द्यायला निघाले. बरं झालं, त्यानं बाटलीवरचं नाव वाचलं आणि हात मागं घेतला. घरी काय बघताय हा प्रश्न दुकानातून नाहीसा झाला. लोक आपणहून विचारत, "आज काय सांगितलं न्हाई?" आणि दाजी म्हणत, "जेवून निजा लवकर." भर थंडीत त्यांनी स्वेटर काढून ठेवला आणि कुडकुडत काउंटरमागं उभे राहू लागले. मिशीही काढणार होते, पण मेहुणीनं आरसाच उचलून आत नेला. "मिशी काढली तर त्यास्नी वाटंल, खरंच काय तरी केलंय," ती म्हणाली, आणि तिच्या म्हणण्याला तोड नव्हती.

तुम्ही म्हणाल, सरळ फोन करून विचारायचं, बाबांनो, तुमच्या मनात काय आहे? मीही म्हणालो. दाजी म्हणाले, "काय इचारू? शिरेलीमुळं अडलंय का म्हणून? आन न्हाई म्हनले, दुसरंच कारण निघालं तर?" मुलाला फोन करायची सोय नव्हती. मधला माणूस विचारून आला, तर त्याला निरोप मिळाला, "बघणं चाललंय. संपलं की कळवू." बघणं म्हणजे मालिकेचं की आमच्या घराण्याचं, हे त्या भल्या माणसानं विचारलं नाही.

मी हे सगळं बराच काळ गमतीनं घेतलं. दाजींची जिरली असंही थोडं वाटत होतं. मग एके दिवशी रोपवाटिकेवरून सुटल्यावर प्राजक्ता आमच्याकडं आली. बायको बाजारात गेली होती. पोरगी ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मला त्यो मुलगा आवडलाय. आजवर मी न्हाई म्हनत आले, आता पयल्यांदा हो म्हनले. आन आता शिरेलीवरनं मोडलं तर मी आप्पांवर चिडू तरी कशी? ते आधीच जेवंनात." तिनं डोळ्यांना ओढणी लावली नाही, काही नाही, नुसती खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्यानंतर मला त्यात काही गंमत दिसली नाही. पुढच्या शुक्रवारी शाळेतून आल्यावर आम्ही नवरा-बायको चहा न घेताच टीव्हीसमोर बसलो. त्या भागात सुनेच्या बापानं एक लोखंडी पेटी गाडीतून उतरवली आणि मागच्या खोलीत ठेवली. पेटीत काय ते दाखवलं नाही.

शेवटच्या भागाच्या आधी निरगुडसरचा फोन आला. "शेवट आमच्याकडं येऊन बघा. सगळे या. पोरीला बी आणा."

मेहुणीनं त्याचा अर्थ चांगला लावला, दाजींनी वाईट. तोंडावर सांगून मोकळं व्हायचं असेल त्यांना, असं त्यांचं म्हणणं. नारायणगावला मी आणि बायको गाडीत बसलो, तिथून मंचरवरून निरगुडसर, एवढ्या वाटेत दाजी एकदाच बोलले. "ब्रेक बघून घेतला व्हता का?" गाडी चालवत होते ते स्वतःच.

तिकडं सोप्यावर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, दोन रांगांत, मधून वाट सोडून. टीव्हीवरचं विणलेलं फडकं काढून घडी केलेलं होतं. मुलाचे वडील नव्या टोपीत. मुलाची आई कुणाच्या डोळ्यांना डोळे देत नव्हती. मुलगा आपल्या फोनवरचं नेट टीव्हीला जोडत होता, त्याच्या पाठीमागून प्राजक्ता गेली आणि दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर बसली. कुणी पाणी विचारलं, सगळे एकदम नको म्हणाले. आणि भाग सुरू झाला.

मी आयुष्यात पुष्कळ निकालांना बसलो आहे, स्वतःच्या आणि मुलांच्या. पण असा खुर्चीच्या कडेवर कधी बसलो नव्हतो. पडद्यावर विहिरीला मोटर लावून पाणी उपसत होते. गाव भोवती जमलेलं. सून एका बाजूला, तिचा बाप एका बाजूला, हात मागं बांधून. पाणी खाली खाली जातंय, गाळ दिसायला लागतो, कुणीतरी ओरडतं, आणि त्याच क्षणी पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. मुलगा उठून अंगणात गेला, फोन उंच धरून उभा राहिला. आम्ही सगळे ते चाक बघत बसलो. दाजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मुलाच्या वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मग चित्र हललं. विहिरीत काही नव्हतं. दुसरीकडं कुठंतरी, भलत्याच गावात, एसटीसारख्या एका बसमध्ये सासरा खिडकीशी बसलेला दिसला, जिवंत. इकडं सुनेचा बाप मागच्या खोलीत जातो, पेटीला किल्ली लावतो, झाकण उचलतो, आणि काळोख. मग अक्षरं आली. पुढचा सीझन लवकरच.

मुलगा अंगणातून आत आला आणि सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थांबला.

दाजी उठले. उठताना खुर्ची मागं पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"पावणं, माझी चूक झाली," ते म्हणाले. "शेवट बघितल्याबिगर मी कुणाला काय सांगत न्हाई. तुमाला सांगितली. तुमचं घर आवडलं व्हतं, मला घाई झाली. आता त्या पेटीत काय हाय मला म्हाईत न्हाई." त्यांनी प्राजक्ताकडं बघितलं. "आन पोरीचा शेवट बी मला म्हाईत न्हाई. जलमापासनं आजपतुर बघितलीय, म्होरलं कुणी बघितलंय? पर ती मी सांगतो. बाकी माझं काय बी धरू नका, ती तेवढी धरा."

मेहुणीनं पदर तोंडाला लावला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण शाळामास्तरांनी पाहुण्यांसमोर रडू नये.

मुलाच्या वडिलांनी नेहमीसारखं बोलणं तोंडात घोळवलं. मग बायकोकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी तुमी आमची परीक्षा घेत नव्हता?"

"कसली परीक्षा?"

"तुमच्या पोरीनं लई जागा मोडल्यात, समदीकडं ऐकलं व्हतं. म्हनलं, बापानं ही शिरेल मुद्दाम लावून दिली. सून घरात आल्यावर काय इपरीत घडलं तर आमी तिच्यावर संशय घेतोय का, ते बघाया. म्हनून म्या दर शनवारी फोन करत व्हतो. काय बोललं तर चुकंल, म्हनून नुसतं हं म्हनायचो." ते एकदम बायकोकडं वळले. "इचारा हिला! एका बी भागात म्या सुनंवर संशय घेतला न्हाई!"

"न्हाई घेतला," मुलाची आई म्हणाली. "मलाच रागं भरायचे, तू का घेती म्हनून. शुक्रवारी जेवान सुद्धा जात नव्हतं ह्यांना."

"फकस्त त्या बापाचं काय जमंना," मुलाचे वडील ओशाळून म्हणाले. "त्यो दिसायाच तसा हाय." आणि मग त्यांचं लक्ष दाजींच्या मिशीकडं गेलं.

आधी प्राजक्ता हसली. तोंडावर हात न धरता, बापासमोर, होणाऱ्या सासऱ्यासमोर, खदखदून. मग दारातला मुलगा हसला, आणि मग कोण हसत नव्हतं ते सांगणं अवघड. दाजीही हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. सुपारी त्याच दिवशी फुटली; सुपारी शोधायला मुलाच्या आईला सगळे डबे उघडावे लागले, कारण त्या घरात कुणी पान खात नव्हतं.

लग्न वैशाखात झालं. पाठवणीच्या वेळी दाजी मांडवात कुठं दिसेनात. शेवटी सापडले ते जेवणाच्या पंगतीमागं, आचाऱ्याला भाताच्या हंड्या मोजून देत. पोरगी शोधत तिथवर आली, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि ते "पाणी पीत जा, तिकडं ऊन लई हाय," एवढंच म्हणत राहिले.

दुकान पुन्हा पूर्वीसारखं चाललंय. स्वेटर अंगावर आलाय, गिऱ्हाइकांना औषधासोबत मालिका मिळू लागल्यात, आणि मला पुन्हा खोटं बोलावं लागतं. त्या फळबागेच्या मालिकेचा दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा मला वाटलं, दाजी पहिला भाग उभ्यानं बघतील. पेटीत काय आहे या एका गोष्टीनं त्यांचा जीव खाल्ला होता. म्हणून परवा शनिवारी ओतूरला गेलो तेव्हा मुद्दाम विचारलं, "दाजी, काय निघालं हो पेटीत?"

"बघितलं न्हाई मी."

मला खरं वाटेना. ते फळीवरच्या बाटल्या सारख्या करत राहिले. "तिकडं बघत्यात समदे. ती आन तिचा सासरा, दर शुक्रवारी. मला ती शनवारी फोन करून सांगती."

"पण तुम्ही स्वतः बघत का नाही?"

"म्या बघितलं, तर मग ती सांगंल काय?"

तेवढ्यात फोन वाजला. काउंटरपुढं तिघं-चौघं उभे होते, एकाच्या हातात पान, एकाच्या हातात अळीची पिशवी. दाजींनी फोन उचलला, आमच्याकडं पाठ केली आणि खताच्या गोण्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"हां, बोल," ते म्हणाले. "सावकाश सांग. दुकानात कोण बी न्हाई."